ब्रेकचं चामडं

गाडीवर बसण्याआधी आमचे डॉक्टर पेट्रोलच्या टाकीवर तळवा ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणायचे, "चल बाबा, एवढं एकच." मग किक मारायचे. ते एकच कधी एकावर थांबलं नाही. कान्हे गावची म्हैस झाली की वराळे गावची गाय, आणि तिथून परत यावं तर दवाखान्यापुढे कुणाची तरी बैलगाडी उभी. पुन्हा तळवा, पुन्हा "एवढं एकच".

ढोरांचे डॉक्टर ते. वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी त्यांचा कंपाउंडर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. अर्ध्या मावळाला एक डॉक्टर, एक सरकारी मोटारसायकल आणि मागे औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसलेला मी. तुम्ही दमलेली माणसं पुष्कळ पाहिली असतील; पण सकाळी उठतानाच दमलेला माणूस मी तो एवढाच पाहिला. जेवताना हातात घास घेऊन ते भिंतीकडे बघत राहायचे. हाक मारली की म्हणायचे, "हं, खातोय."

त्यात ब्रेक गेला. पुढचा मुळातच नावाला होता. मागच्या चाकातल्या ब्रेकचे पट्टे झिजून त्यांचे खिळे घासायला लागले. पाय दाबला की गावभर किंकाळी. लोणावळ्याचा मिस्त्री फौजेत गेलेला, मुंबईहून सामान येईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आपणच बदलू. पोटात आडवं आलेलं वासरू काढतो मी, एक चाक निघणार नाही?"

चाक निघालं. अंगणात पालथ्या बादलीवर बसून, प्रत्येक नट इंजेक्शनच्या ट्रेमध्ये मांडून ठेवत त्यांनी ते सोडवलं. जुने पट्टे उपटले, त्यांच्या मापानं विहिरीवरच्या मोटेच्या जुन्या चामड्याचे तुकडे कापले आणि तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून बसवले. सगळं बरोबर झालं. मग चाक चढवण्याआधी कपाटातली एरंडेलाची बाटली आणून त्यांनी दोन्ही पट्ट्यांना मायेनं तेल चोळलं.

त्यांचं लहानपण बैलगाडीत गेलेलं. घासेल तिथे वंगण, हे अशा घरात पोरं बोलायच्या आधी शिकतात. माझंही घर तसलंच, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ब्रेकनं घासायचंच असतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अंगणात हळू एक फेरी मारून डॉक्टर म्हणाले, "बघ, आवाज गेला." कधी नव्हे ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकव्याहून माणूस आला. आबांचा बैल कोवळं ओलं गवत खाऊन फुगला होता. आबा म्हणजे टाकवे बुद्रुकचे एक म्हातारे शेतकरी. भातखाचरांची चिखलणी तोंडावर आणि दारात एकच जोडी. पोटफुगीत वेळेवर बरगडीमागे नळी घालून वारा काढला तर बैल उठतो, नाहीतर गेला. डॉक्टरांनी टाकीवर तळवा ठेवला.

कान्हे मागे पडलं आणि नदीकडच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी होती त्याच वेगानं चाललेली. "धरत नाही रे," ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला अर्थच लागला नाही. वळणावर आम्ही निवडुंगात होतो. काट्यांवर निभावलं, पण पुढचं चाक वाकलं. पेटी घेऊन पायी निघालो. गुडघ्यांनी कायमचा बेजार असलेला तो माणूस चिखलातून पळत होता.

पोचलो तेव्हा आबा बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी तरीही नळी घातली. वारा निघून गेला. बैल काही उठला नाही.

"मगाशीच गेला, सायेब," आबा म्हणाले. "तुमी तरी काय करनार? लांबनं आलायसा, पानी घ्या."

"माझ्यामुळे गेला, आबा. ब्रेकला तेल लावलं मी."

आबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण समोरचा माणूस रडतोय हे कळलं, आणि त्यांनी तांब्या पुन्हा पुढे केला.

त्या साली आबांनी उरलेल्या बैलाला शेजाऱ्याचा बैल जोडून, सावडीनं भात लावलं. दिवाळीनंतर ते दवाखान्यात आले. काखेत फडक्याची गुंडाळी होती, आत कमावलेलं चामडं.

"त्याचंच हाय," म्हणाले. "जलमभर वढत आला. आता तुमची गाडी धरंल. दुसऱ्याच्या बैलाला तरी येळंवर जावा."

डॉक्टरांनी चामडं दोन्ही हातांनी घेतलं. पुण्याहून चाक सरळ होऊन आलं होतं. पुन्हा पालथी बादली मांडली, आणि बसण्याआधी त्यांनी राखेनं हात कोपरापर्यंत धुतले. तो ब्रेक असा धरायचा की माझी पेटी त्यांच्या पाठीत बसायची. टाकीवर तळवा ते पुढेही ठेवत, पण "एवढं एकच" हे शब्द मात्र मी परत ऐकले नाहीत.

लढाई संपली आणि ते निवृत्त झाले. गाडी पुण्याला जमा करायची होती. निघायच्या दिवशी बघतो तर डॉक्टर बादलीवर बसून मागचं चाक सोडवतायत. ते दोन पट्टे त्यांनी रुमालात बांधले, कोटाच्या खिशात ठेवले. "गाडी सरकारची आहे," म्हणाले, "हे नाही."

ते सकाळच्या आगगाडीनं गेले. दुपारी मी मोटारसायकल ढकलत स्टेशनकडे निघालो. उतारावर ती मला ओढायला लागली. नकळत ब्रेकवर पाय दिला, तो नुसताच आत गेला. टाचा रोवून कसाबसा उभा राहिलो आणि टाकीवर तळवा ठेवला. "चल बाबा," एवढं म्हणालो. मग तिला मागे ओढून धरत पाऊल पाऊल उतार उतरलो.