साडभाऊंचा बुढा

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांत ज्याची ऊठबस जास्त, असा गृहस्थ अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे त्याला साडभाऊ म्हणतात, आणि तोही मला साडभाऊच म्हणतो. साडभाऊ एसटीत कंडक्टर होते. साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर, जिल्ह्यातली एक वाट त्यांनी सोडली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कानावरची पेन्सिल काही खाली उतरली नाही. कुणाच्याही घरात शिरले की ते आधी माणसं मोजतात. लग्नाच्या पंगतीत "पुढं सरका, पुढं जागा हाय" असं ओरडतात आणि माणसं खरोखरच सरकतात. नवीन माणूस भेटला की नावाच्या आधी गाव, मग बापाचं नाव, मग आज्याचं, पणज्याचं. चौथ्या पिढीला समोरचा अडखळला की साडभाऊंचा चेहरा उजळतो. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी मुलाच्या वडिलांना पोह्यांची बशी हातात असतानाच खापरपणज्याचं नाव विचारलं. तो सज्जन माणूस घामाघूम झाला. त्याला वाटलं, घराण्यात काही खोट निघाली. लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला, तरी आमचे व्याही अजून यायच्या आधी फोन करून विचारतात, "तुमचे साडभाऊ नाहीत ना आले?" साडभाऊंना मात्र यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही. ते म्हणतात, "मानसाले कोठी उतराचं हाय थे मालूम नसलं तं चालते. पन कोठून बसलो, थे तं सांगता आलं पायजे."

आणि दैवाची गंमत अशी की त्यांना स्वतःलाच ते सांगता येत नव्हतं. लाखनीच्या पलीकडे त्यांचं गाव. गावच्या तलावाखाली त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यातली सगळ्यात वरची 'बुढ्याची बांधी'. कोण्या एका बुढ्यानं जंगल तोडून ती काढली, इतकंच सगळ्यांना ठाऊक. भादव्यात पितरांच्या दिवशी घरातला कर्ता पुरुष निखाऱ्यावर एकेक घास टाकतो आणि ज्याचा घास त्याचं नाव घेतो. बापाचं नाव, आज्याचं नाव, पणजा डोमा याचं नाव, आणि शेवटचा घास नुसता 'बुढ्याचा'. डोम्याच्या बापाचं नाव घरात कुणाला आठवत नव्हतं. बाकीच्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. घास टाकावा, वडे खावे, हात धुवावे. साडभाऊंचा घास मात्र तिथं अडकायचा. मला एकदा म्हणाले, "ज्यानं आमाले भात खाऊ घातला, त्याले आमी 'ओ बुढा, ये जेवाले' म्हनतो. तुमाले असं कोनी बोलावलं तं तुमी जासान काय, साडभाऊ?" मी म्हटलं, मी तर नाव घेऊन बोलावलं तरी मेनू विचारीन. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे वेड साधं नाही. पुढच्या एखाद्या पितराला बुढ्याला नावानं हाक मारायची, नाहीतर आपण मेल्यावर त्याला कोणी शोधणारही नाही, ही धास्ती त्यांच्या पोटात बसली होती.

सुरुवात त्यांनी घरातून केली. जुन्या पेटीत लग्नपत्रिका, फाटक्या पावत्या आणि कुणाच्या तरी चष्म्याची एक काडी निघाली. मग म्हाताऱ्या काका-मामांना गाठलं. एक म्हणाले बुढा सात फूट उंच होता, दुसरे म्हणाले त्यानं कुऱ्हाडीनं वाघ मारला, आणि तिसऱ्यांनी सांगितलं की बुढ्याच्या मिशीवर लिंबू ठरत होतं. नाव तिघांनाही ठाऊक नव्हतं, पण मिशीबद्दल तिघांचं एकमत होतं. तेव्हापासून साडभाऊंनीही मिशी वाढवली आणि बोलता बोलता तिला पीळ देत "हे आमच्या घरान्याची" असं सांगू लागले. छपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर जुन्या कॅलेंडरांचे पाठकोरे कागद चिकटवून त्यांनी घराण्याचा झाडोरा, म्हणजे वंशवृक्ष, काढला. चौकटी, चौकटींना रेघा, आणि सगळ्यात वर एक रिकामी चौकट. कागद मोडीत असतील म्हणून या वयात ते मोडी शिकले. सराव व्हावा म्हणून किराण्याची यादीही मोडीत लिहायला लागले, तर दुकानदारानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि हात जोडून त्यांना पलीकडच्या औषधाच्या दुकानात पाठवलं. आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या दिवशी मिठावाचून भाजी वाढली आणि सांगितलं, "मीठ पायजे तं बुढ्याले मांगा."

मग भंडाऱ्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. जुने कागद सरकारी अभिलेखागारात असतात आणि ते पाहायचे तर अर्ज करावा लागतो. त्या खोलीसमोर जी गर्दी असते ती एकतर जातीच्या दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या भांडणासाठी. बाबूनं यांच्या अर्जावरून नजर फिरवली आणि विचारलं, "काका, कारन नाही लिवलं. जात पडताळनी हाय काय?"

"नाही."

"मंग वाटनी? कोर्टात केस?"

"नाही बाप्पा."

"मंग कायले पायजे तुमाले शंभर-दीडशे वर्साचा कागद?"

"भेटाले," साडभाऊ म्हणाले.

बाबूनं कारणाच्या रकान्यात 'इतर' असं लिहिलं. पुढं त्या बाबूचीच सात पिढ्यांची चौकशी झाली आणि दोघांची अशी गट्टी जमली की साडभाऊ गेले नाहीत तर त्याचा फोन येई. दर सोमवारी ते कागदांत डोकं घालून बसत आणि दुपारी आमच्याकडे वरठीला जेवायला येत. वरठी त्यांच्या परतीच्या वाटेवर नाही, उलट्या दिशेला आहे; पण माझ्या बायकोच्या हातची वांग्याची भाजी तिथं आहे. धुळीनं पांढरे झालेले साडभाऊ दारातूनच आम्हाला मोजायचे, "दोन," आणि पाटावर बसायचे.

एका सोमवारी त्यांनी आम्हाला मोजलं नाही. हातपाय न धुता खुर्चीत बसले आणि पिशवीतून नकला काढल्या. म्हणाले, "सापडला." मी म्हटलं, अहो मग पेढे आणा! ते म्हणाले, "पन बुढा नाही सापडला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जमिनीची मोजणी होऊन नावं लागतात त्याला बंदोबस्त म्हणतात. एका बंदोबस्ताच्या कागदात तलावाखालच्या त्या जागी नुसतं झुडपी जंगल होतं. त्याच गावच्या घरांच्या यादीत शेवटी शेवटी एक झोपडी होती आणि पुढं नाव होतं, 'मुसम्मात मनकी, बेवा उरकुडा'. म्हणजे उरकुड्याची विधवा मनकी. नंतरच्या बंदोबस्तात त्या जंगलाच्या जागी धानाच्या बांध्या आल्या होत्या, मोजणीचे पाच नंबर, आणि नाव तेच, मनकी बेवा उरकुडा. त्यानंतरच्या कागदात त्याच नंबरांवर 'डोमा वल्द उरकुडा', म्हणजे उरकुड्याचा मुलगा डोमा. पणज्याच्या बापाचं नाव मिळालं होतं, पण बांध्या निघायच्या आधीच तो बिचारा मरून गेला होता. कुऱ्हाड मनकीनं चालवली होती. साडभाऊंचा हात सवयीनं मिशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. "एकटी बाई," ती म्हणाली, "कडेवर पोट्टं, अन् जंगल." साडभाऊंनी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले कमी आणि त्या नकलेवरून बोट फिरवत बसले जास्त. मला त्यांची थट्टा करायची फार इच्छा होती, पण जमलं नाही.

साडभाऊंनी बुढ्याच्या बांधीला मनकीचं नाव द्यायचं ठरवलं आणि घरात अर्थातच वादळ झालं. त्यांचे थोरले चुलतभाऊ म्हणाले, "बाईच्या नावानं बांधी? गावात हासतीन लोकं." साडभाऊ म्हणाले, "हासू दे. भात तं खातेत ना?" यंदाच्या पितराला त्यांनी मला आणि बायकोला मुद्दाम बोलावलं. निखारे फुललेले, केळीच्या पानावर वडे, कढी, भात. साडभाऊंनी पहिला घास उचलला आणि ज्या आवाजात पूर्वी गाडीच्या टोकापर्यंत गावांची नावं ऐकू जायची त्या आवाजात म्हणाले, "मनकी माय, ये जेवाले." थोरले चुलतभाऊ पुढं सरकले. त्यांनीही हात जोडले.

ताई वड्यांची टोपली घेऊन मागं उभ्या होत्या. जेवणं आटोपल्यावर साडभाऊंनी सगळ्यांदेखत झाडोऱ्याच्या वरच्या चौकटीत मनकीचं नाव लिहिलं आणि शेजारी नवी चौकट काढून उरकुड्याला बसवलं. ताई पदराला हात पुसत जवळ आल्या. सगळा झाडोरा त्यांनी वरून खालपर्यंत पाहिला, जशी बाजारातली भाजी पाहतात, सावकाश. मग म्हणाल्या, "अन् यात मी कोठी हाव?"

साडभाऊंनी पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली. डोम्याच्या खाली त्याचे मुलगे होते, त्यांचे मुलगे होते, साडभाऊ होते, साडभाऊंचा मुलगा होता. ताईंनी कधी जन्मात आवाज चढवला नाही, तेव्हाही नाही. इतकंच म्हणाल्या, "मनकीले बी कागदानं ध्यानात ठेवलं. घरच्यायनं नाही ठेवलं."

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तर छपरीची भिंत कोरी होती. साडभाऊ खाली चटईवर नवे कागद पसरून बसले होते आणि बाजेवर बसलेल्या ताई बोलत होत्या. आई, आईची आई, तिची जाऊ, लहानपणी वारलेली एक बहीण. इतकी नावं आपल्या बायकोच्या डोक्यात आहेत हे त्या माणसाला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं; तो खाली मान घालून भराभरा लिहीत होता आणि मधूनच "थांब, थांब, हळू सांग" म्हणत होता. मला पाहून साडभाऊ म्हणाले, "या. तुमचा बी करून टाकू. बापाची माय, तिचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. ती माझ्या जन्माआधीच गेली होती. बाबा तिला 'माय' म्हणायचे, काका 'माय' म्हणायचे, आई 'सासूबाई' म्हणायची. आता तिघंही नाहीत. साडभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली, मला बसायला जागा करून दिली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोन्या गावची होती, थे तं मालूम हाय ना?"

तेही मला माहीत नव्हतं.