पोलादपुरात जिंकलेली स्पर्धा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. अर्ध्या पोलादपूरने ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितलीच आहे. निदान मूळ आवृत्ती माझ्याकडून ऐका.

मी राहते महाडला आणि शिकवते पोलादपूरच्या शाळेत. शाळा दुपारची. महाडच्या स्टँडवर मुंबईचा पेपर आला की तो घ्यायचा, एस.टी.त खिडकी पकडायची आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचं. गेल्या वर्षी मला जिम्नॅस्टिक्सचं वेड लागलं होतं. म्हणजे करायचं नव्हे हं, वाचायचं. आपल्या देशाच्या मुलींचा संघ त्या हंगामात गावोगाव, देशोदेशी स्पर्धा खेळत होता आणि मी एस.टी.च्या खिडकीतून त्यांच्या मागे मागे.

आता आमच्या पेपरवाल्यांची अक्कल तुम्हाला सांगायला नको. एखाद्या क्रिकेटवाल्याचा गुडघा दुखला तर फोटोसकट चार कॉलम. या मुलींना हवामानाच्या खाली दोन ओळी, त्यातही आडनावं रोज वेगळी. शेवटी मीच त्यांना नावं ठेवली. कप्तान, वेणीवाली आणि धाकटी. कप्तानची टाच दुखावलेली. वेणीवाली जमिनीवरच्या प्रकारात पटाईत. धाकटी बीमवरून, म्हणजे चार बोटं रुंदीच्या त्या लाकडी तुळईवरून, सारखी पडणारी. आणि एका बातमीत लिहिलं होतं की संघाचा पोशाख आकाशी रंगाचा. एवढ्या भांडवलावर मी शाळेतली जिम्नॅस्टिक्सतज्ज्ञ झाले.

संघाचा नंबर बहुतेक शेवटचाच यायचा. शिक्षकांच्या खोलीत रोज विचारणा व्हायची, "काय सुनंदाबाई, आज शेवटून कितव्या?" विचारणारे कोण, तर खाली पडलेला खडू उचलायलाही न वाकणारे. मी म्हणायचे, "त्यांना सरावाला धड गादी मिळत नाही. तुम्हाला खुर्चीला गादी मिळते, तुमचा कितवा नंबर आला?"

हे सगळं नुसतं वाचण्यावर राहिलं असतं, पण माझ्या वर्गात लता होती. बाहेरच्या वाडीवरून चालत येणारी. शेताच्या बांधावर हातांवर चाक फिरावं तशी ती फिरते, आणि बांध केवढा, तर एका पावलाचा. मी तिला संघाच्या बातम्या वाचून दाखवायचे. तिने मैदानावर तसं काहीतरी करायला सुरुवात केली आणि तिच्या मागे आणखी चार-पाच मुली लागल्या. पण आमच्या शाळेचं मैदान म्हणजे मुरूम आणि दगड. लताची दोन्ही कोपरं सोलून निघाली. आईने बजावलं, "हात मोडून घेतलास तर शाळा बंद. भाताच्या लावणीला मी एकटी काय करू गो?"

आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर तालीम. आत चाळलेली तांबडी माती, कोपऱ्यात काथ्याची जाड गादी, मल्लखांब. सकाळी दोन पैलवान येतात, दुपारभर तिथे मांजर झोपतं. मुलींना मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी. तालमीचे अध्यक्ष कोण? माझेच थोरले काका. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"अण्णा, दुपारी मधल्या सुट्टीत मुलींना तालीम द्या."

"आत मारुती हाय."

"मग?"

"मग काय? ब्रह्मचारी हाय तो."

"त्याने लंका जाळली अण्णा. लताला घाबरेल होय तो?"

शेजारी बसलेले गणूमास्तर, म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त ड्रिलमास्तर, खाकरले. "प्रश्न मारुतीचा नाय. मुलींनी उलट्यापालट्या उड्या मारायच्या, ह्याला डोंबाऱ्याचा खेळ म्हणतात."

"तुम्ही पाहिलंय जिम्नॅस्टिक्स?"

"बघायला कशाला पायजे?"

बघा, आमच्याकडच्या थोर माणसांचा हा नियमच आहे. मत आधी बनवायचं. पाहणं राहून गेलं तरी चालतं.

त्याच महिन्यात अण्णांच्या घरी टीव्ही आला. त्यांचा मुलगा, माझा विलासदादा, महाडच्या वसाहतीत कारखान्यात कामाला. त्याने हौसेने आणला. काकूंनी टीव्हीला झालरीचं झाकण शिवलं, कुंकू लावलं, आणि टीव्हीला काही दिसलं नाही. दिसणार कसं? पोलादपूरला चारी बाजूंनी डोंगर. मुंबईहून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत यायचं तर त्याने एस.टी.नेच यायला हवं. विलासदादाने कौलांवर उंच बांबू चढवला तेव्हा कुठे निकाल लागला. निकाल असा की अँटेना एका डोंगराकडे फिरवली की चित्र यायचं, आवाज नाही. दुसऱ्या डोंगराकडे फिरवली की आवाज यायचा, चित्र नाही.

आणि पेपरात आलं की हंगामातली शेवटची स्पर्धा दिल्लीत आहे, शेजारच्या एका देशाच्या पाहुण्या संघाशी, आणि ती रविवारी दुपारी टीव्हीवर दाखवणार आहेत.

मी अण्णांना गाठलं. "एकदा डोळ्यांनी बघा. नाही पटलं तर पुन्हा तालमीचं नाव काढणार नाही."

"पुन्हा नाय काढणार?"

"कधीच नाही."

अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी तालमीची सगळी कमिटीच बोलावली.

रविवारी माजघरात कमिटी टोप्या घालून बसली. लता आणि तिच्या मैत्रिणी दाराशी. विलासदादा कौलांवर.

"चित्र का आवाज?" त्याने वरून विचारलं.

"चित्र," मी ओरडले. "आवाजाचं मी बघते."

इथे, मंडळी, मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

चित्र आलं. चित्र म्हणजे काय, सुपात तांदूळ पाखडावेत तसे ठिपके आणि त्यात हलणाऱ्या बाहुल्या. चेहरे नाहीतच. एक संघ फिकट कपड्यांतला, एक काळपट कपड्यांतला. टीव्ही काळा-पांढरा, पण मला काय? मी हंगामभर वाचलं होतं ना, आकाशी.

"फिकट कपड्यांतल्या आपल्या," मी जाहीर केलं.

"कशावरून?" गणूमास्तर.

"मास्तर, मी वाचते."

यावर कोण बोलणार? आणि फिकट मुली काय सुंदर करत होत्या म्हणून सांगू. उडी मारली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी एकेकीची ओळख करून देत होते. "ही कप्तान. टाच दुखते तिची, पण दाखवते का बघा. ही वेणीवाली." वेणी कुणालाच दिसत नव्हती, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू म्हणाल्या, "टाचेला बिब्बा लावला असेल गो."

खरं सांगू? मीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदाच जिम्नॅस्टिक्स बघत होते. माझी आतापर्यंतची सगळी विद्वत्ता हवामानाच्या खालच्या दोन ओळींची. पण त्या दिवशी ते मला आठवायला सवड कुठे होती?

मग काळपट कपड्यांतली एक बारकी मुलगी बीमवर चढली आणि पडली. पुन्हा चढली. पुन्हा पडली.

आता मला चेव आला. समोर कमिटी बसलेली, असा मोका पुन्हा येणार नव्हता. "बघा," मी म्हणाले, "घरात कोंडून वाढवलेल्या पोरींचं असं होतं. गुडघे बघा, कोयत्यासारखे वाकलेत. हिला कुणी धड सरावाला जागाच दिली नसणार. तिच्या गावातही असेल एखादी कमिटी, टोप्या घालून बसणारी."

अण्णा पुढे सरकले. "पडली, पण परत चढली गो."

"चढायचे गुण मिळत नाहीत अण्णा. असल्या मुलीने भाकऱ्या भाजाव्यात. देशाचं नाव कशाला घालवावं?"

हो, हे मी म्हणाले. मीच. कुणी असं लताबद्दल म्हटलं असतं तर मी त्याचं घर उन्हात बांधलं असतं. दाराशी लता एक पाऊल मागे सरकली, पण मी रंगात आले होते.

शेवटी बक्षिसं वाटली. उंच पायरीवर फिकट मुली. त्यांच्या गळ्यात पदकं.

"जिंकलो," मी उठूनच उभी राहिले. "अख्खा हंगाम शेवटच्या आणि आज पहिल्या. आता बोला."

आणि काय आश्चर्य, अण्णा बोलले. त्यांचे डोळे चक्क ओले झाले होते. "आपल्या पोरींनी करून दाखवलं. काय रे मास्तर?" गणूमास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच. काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. अण्णांनी नारळ मागितला आणि सगळी वरात निघाली तालमीकडे. वाटेत मास्तरांनी किराणा दुकानात, शिंप्याकडे, चहाच्या टपरीवर बातमी दिली. शिंप्याने दिवाळीची उरलेली फटाक्यांची माळ लावली. कुणीतरी तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिलंसुद्धा, भारताच्या मुलींचा दणदणीत विजय.

तालमीच्या उंबऱ्यावर अण्णांनी नारळ फोडला आणि भर बाजारात जाहीर केलं, "उद्यापासून दुपारी तालीम पोरींची. मारुतीसमोर सांगतो."

पोरी नाचायला लागल्या. मी गणूमास्तरांकडे असं पाहिलं, असं पाहिलं की विचारू नका.

खोबऱ्याचे तुकडे चघळत आम्ही घरी परत आलो तर कौलांवर विलासदादा तसाच. त्याला सगळे विसरलो होतो.

"फटाके कसले?" त्याने विचारलं.

"जिंकलो."

"मग आता आवाज लावू का? पायाला मुंग्या आल्यात."

अँटेना फिरली. चित्र गेलं आणि आवाज आला. स्वच्छ, घोटीव हिंदी. निवेदक दिवसभराचा आढावा घेत होता. पाहुण्या संघाने सगळ्या प्रकारांत पहिला क्रमांक मिळवला, त्याबद्दल अभिनंदन. आपल्या मुली नव्या गडद निळ्या पोशाखात उतरल्या होत्या. निकाल मनासारखा लागला नाही, पण संघातली सर्वांत लहान खेळाडू बीमवरून दोनदा पडूनही पुन्हा चढली आणि तिने आपला खेळ पूर्ण केला, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं.

माजघरात कुणी खोबरंसुद्धा चावेना.

धाकटी. ती माझी धाकटी होती. हंगामभर एस.टी.त जिच्यासाठी मी जीव टाकला, तिला मी भाकऱ्या भाजायला पाठवलं होतं.

"म्हणजे," गणूमास्तर अगदी सावकाश, चव घेत म्हणाले, "फिकट त्या पाव्हण्या."

मी टीव्हीची झालर सारखी करायला लागले.

"आणि त्या कोयत्यासारख्या गुडघ्यांच्या, त्या आपल्या."

"मास्तर, पुरे."

"मी कुठं काय म्हणतो? तू वाचतेस."

कमिटीतल्या एकाने लगेच मुद्दा काढला. "अण्णा, मग ते तालमीचं रद्द समजायचं ना?"

दाराशी पोरी उभ्या. अण्णा झालर लावलेल्या त्या टीव्हीकडे बघू लागले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. भर बाजारात जाऊन सांगायचं, की आम्ही सगळ्या शहाण्यांनी डोळ्यांनी स्पर्धा बघितली आणि आपल्या पोरी कुठल्या तेच आम्हाला कळलं नाही? अण्णांनी प्राण दिला असता, पण हे केलं नसतं.

"फोडलेला नारळ जोडता येतो काय रे?" ते शेवटी गरजले. "शब्द दिला तो दिला. आणि फळा पुसायचा नाय. पोलादपुरात आपणच जिंकलोय."

म्हणजे बघा, इतके दिवस मी न्यायाने, तर्काने, मारुतीशी वाद घालून जे मिळवू शकले नाही, ते म्हाताऱ्यांच्या खोट्या अब्रूने एका मिनिटात दिलं. तरीही मी शेफारलेच. लताच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उद्या दुपारी तयार राहा. मी स्वतः शिकवते तुम्हाला."

लता माझ्याकडे बघेना. पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिली.

"काय गं?"

"बाई, ती पडली ती आपली होती?"

"हो."

"मग तिला तुमी एवढं का बोल्लात?"

मी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

लताने मग माझ्याशी बोलणं सोडलं आणि सरळ अण्णांकडे वळली. "अण्णा, आमी येतू उद्या. पन बाई आत नकोत. आमी पडनार, आनी त्या बोलनार."

गेल्या वर्षभरात अण्णांना कुणाचं म्हणणं इतकं मनापासून पटलेलं मी पाहिलं नव्हतं. गणूमास्तरांनी तर उभं राहून अनुमोदन दिलं. कमिटीच्या इतिहासात पहिल्यांदाच ठराव एकमताने मंजूर झाला.

तेव्हापासून रोज दुपारी पोरी तालमीत जातात. आता त्यांच्या आयाही बघायला जातात, काकू ताक घेऊन जातात, परवा तर दवाखान्यातल्या नर्सबाईही आत जाऊन बसल्या. मी बाहेर उंबऱ्याशी पेपर उघडून बसते. आतून कुणीतरी धप्पकन पडल्याचा आवाज येतो, माझ्या जिभेवर काहीतरी येतं, आणि मी ते गिळते. बायकांना तालमीत प्रवेश मिळावा म्हणून अख्ख्या तालुक्यात एकटी भांडले मी, आणि आज त्या तालमीत प्रवेश नसलेली अख्ख्या तालुक्यातली बाईही एकच.