जाळीवाल्या अक्का

अक्का रंगीत चित्राकडे बघायच्याच नाहीत. संगणकाच्या पडद्यावर पाइपातलं पाणी निळं, हिरवं, लाल होत धावू लागलं की आम्ही चहाचे कप धरून बघत राहायचो आणि अक्का चष्मा पुसत बसायच्या. चित्र संपलं की म्हणायच्या, "छान. कुणाच्या तरी लग्नात लाव. आता जाळी दाखव."

जळगावच्या आमच्या कारखान्यात ठिबक सिंचनाचे सुटे भाग बनत. साचा करण्याआधी त्या भागातून पाणी कसं वाहील, हे आम्ही संगणकावर गणित करून बघायचो. त्यासाठी पाण्याच्या वाटेचे बारीक तुकडे पाडावे लागतात. त्या तुकड्यांची मेश, म्हणजेच अक्कांची जाळी. तिच्या घराघरात गणित चालतं. घरं वेडीवाकडी असली की उत्तरही वेडंवाकडं येतं. अक्का आमच्या विभागाच्या प्रमुख, मूळच्या साक्रीकडच्या. त्यांचं टोपणनाव ऐकून वॉचमननं एकदा डासांची जाळी बसवून हवी असलेल्या गृहस्थांना थेट वर पाठवलं. अक्कांनी त्यांना चहा पाजला, खिडकीचं माप विचारलं आणि वीण किती बारीक घ्यावी ते समजावूनच सोडलं.

गणित लवकर उरकावं म्हणून मी आकडे कमी दशांशांत चालवायचो. अक्कांनी ते पकडलं. "दाब एवढा मोठा, आणि तुला मोजायचाय त्यातला इवलासा फरक. कापसाचा ट्रक काट्यावर उभा करून टपावरच्या चिमणीचं वजन विचारतोस होय रे?" मी दशांश वाढवले. संगणक धापा टाकू लागला. शेवटी दर फेरीला बदलणाऱ्या उत्तराचा आलेख सपाट झाला, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "अक्का, उत्तर स्थिर झालं."

"चिखलात रुतलेली गाडीपण स्थिरच असते," त्या म्हणाल्या.

मग आली व्हेंचुरी. पाइपाचा घसा मध्येच अरुंद करायचा, म्हणजे तिथं पाण्याचा वेग वाढतो आणि बाजूच्या बादलीतलं पातळ खत आपोआप ओढलं जातं. माझं चित्र इतकं देखणं आलं की शेठनी साचा टाकायला सांगितला. अक्कांनी घशापाशी जाळी पडद्यावर मोठी करून बघितली. तिथं लांबट, तिरक्या चिरफळ्या होत्या. "असल्या वाकड्या घरात पाणी नांदेल का रे?" त्या म्हणाल्या आणि तडक शेठकडे गेल्या. "साचा थांबवा."

"अहो अक्का, मुक्ताईनगरच्या केळीवाल्यांना शब्द दिलाय!"

"मग खत ओढायलाही तुम्हीच जा," अक्का म्हणाल्या. शेठ आधी लाल झाले, मग हसले, आणि साचा थांबला.

नव्या जाळीनं दाखवलं की माझी व्हेंचुरी खत जेमतेमच ओढणार होती. आम्ही घशापुढचा उतार लांबवला, पुन्हा गणित केलं आणि नमुना घेऊन मुक्ताईनगरला एका आबांच्या केळीच्या बागेत गेलो. पंप सुरू झाला. बादलीतलं रंगीत पाणी गटागटा खाली जाऊ लागलं. शेठनी माझी पाठ थोपटली. अक्का मात्र घड्याळ बघत कपाळाला आठ्या घालून उभ्या.

"काय व्हयनं बाई? काम तं मस्त शे," आबा म्हणाले.

"मस्त शे आबा, पण बादली माझ्या हिशोबापेक्षा लवकर रिकामी झाली. जास्त चांगलं आलं तरी ते चुकलेलंच."

जेवणाची पानं वाढलेली होती, पण अक्का बसेनात. शेवटी त्यांनी पंपावरचा दाबमापक काढून पिशवीतला आपला लावला. जुन्याचा काटा अडकत होता. खरा दाब त्यानं दाखवल्यापेक्षा जास्त होता. तो धरून आकडे जुळले, तेव्हा कुठे त्या पानावर बसल्या आणि भरीत दोनदा मागून घेतलं.

पुढे आईजवळ राहता यावं म्हणून अक्कांनी धुळ्याच्या कॉलेजात नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी आम्ही सगळे रडवेले, आणि त्या माझ्या पडद्यावर वाकून काहीतरी मोजत होत्या. नंतर कित्येक महिने मी प्रत्येक जाळीचा फोटो त्यांना पाठवायचो. ‘कोपरा बघ’, ‘भिंतीजवळ पातळ थर घाल’, अशी उत्तरं यायची.

एकदा पाठवला तर फोनच आला. "आता मला पाठवू नकोस. तू बघितलंस ना?"

"हो अक्का."

"मग झालं की."

फोन ठेवला. कधी नव्हे इतका घाबरून मी ती जाळी पुन्हा उघडली, घर न् घर तपासत गेलो. आतल्या वळणावर एक वाकडं निघालं.