डब्यातलं कासव

डोंगराखालच्या पुली गावच्या बाजारात शिए आकुईला एकोणीस वर्षं सगळे ‘कोरडा आकुई’ म्हणत. हे नाव त्याला चिकटवलं त्याच्याच उस्तादाने, म्हाताऱ्या त्साईने. वूशेच्या चढावर कोबीच्या एका ट्रकचं इंजिन जळालं, तेव्हा गॅरेजच्या अंगणात चारचौघांसमोर उस्तादाने सांगून टाकलं की या पोराने रेडिएटरमध्ये पाणीच भरलं नव्हतं. पाणी आकुईने काठोकाठ भरलं होतं. खोट होती ती उस्तादाच्या हट्टात. इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी जी छोटी झडप असते, तिला तिकडचे मेकॅनिक कासव म्हणतात. आपला मुलूख गरम, इथे कासव हवंय कशाला, असं म्हणत त्साई हाताखाली येईल त्या गाडीतून ते काढून फेकायचा. या ट्रकचं काढू नका असं आकुई म्हणालाही होता. त्यानंतर पुलीत त्याला कुणी पाना धरू दिला नाही.

मग त्याने चढाच्या पायथ्याशी पत्र्याची शेड टाकली. वर जाणारा प्रत्येक ट्रक तिथे पाण्याला थांबे. त्या जळक्या ट्रकचं कासव त्याने उस्तादाच्या भंगारातून उचलून आणलं होतं आणि दुधाच्या पावडरच्या डब्यात ठेवलं होतं. लोक घरात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या पुजतात आणि आमच्याकडे कासव, असं बायको म्हणायची. आकुई ऐकून घ्यायचा, पण डबा काही हलवायचा नाही. माफ करणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि का असावं?

एका सकाळी त्साई उस्तादाचीच गाडी वाफ सोडत शेडसमोर येऊन थांबली. उस्ताद कोट घालून निघाला होता. वर लीशानला नातीचं लग्न, बाराला मेजवानी, आणि मानाची खुर्ची त्याची.

“पोरा, जरा बघ रे,” तो म्हणाला, जणू कालच भेटले होते.

आकुईने स्टूल पुढे केलं. तापल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत, असं म्हणून त्याने म्हाताऱ्याला दीड तास उन्हात बसवलं. त्या दीड तासात त्याला जे सुख झालं, ते तो कुणापासून लपवत नाही.

झाकण उघडलं तर पाणी जवळजवळ पुरेसं होतं. गळती कुठेच नव्हती. पट्टा ताठ होता, पंखा नीट फिरत होता. इंजिन चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे येईनात, म्हणजे हेडचं गॅस्केटही शाबूत. मग आकुईने उस्तादाचा हात धरून वरच्या नळीवर ठेवला. ती लगेच कोमट व्हायला लागली होती. कासव असतं तर पाणी तापेपर्यंत ती गार राहिली असती. नंतर तोच हात त्याने बगलेच्या आखूड नळीवर ठेवला, आणि काही वेळाने म्हाताऱ्याने तो चटकन मागे घेतला. पाणी तापलं की कासव उघडताना ही परस्पर वाट बंद करतं; ते नसल्यामुळे ती कधी बंदच होत नव्हती. निम्मं पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात जात होतं. सपाटीवर हे खपून जातं, चढावर खपत नाही.

आकुईने चहाच्या किटलीत डब्यातलं जुनं कासव टाकलं. पाणी उकळायला लागलं तसं ते हळूच उघडलं. एकोणीस वर्षांनीही ते ठणठणीत होतं. त्याच्या बाजूला त्याने खोक्यातलं नवं कासव ठेवलं.

उस्तादाने किटलीत पाहिलं. मग वाकून आकुईच्या कानाशी म्हणाला, “मला त्याच दिवशी कळलं होतं.”

म्हातारा अडाणी आहे, असं समजून आकुईने इतकी वर्षं काढली होती.

“मला सांगू नका. ट्रकवाल्यांना सांगा,” तो म्हणाला. “तुमचं सांगून झालं की मी नवं बसवतो.”

“साडेदहा वाजलेत रे.”

“घड्याळ आहे माझ्याकडे.”

पहिला ट्रकवाला आला. उस्तादांच्या गाडीला काय झालं, त्याने विचारलं. रेडिएटर चोंदलाय, म्हातारा म्हणाला. दुसऱ्याला त्याने पंख्याचा पट्टा सांगितला. तिसऱ्याने स्वतःच वाकून पट्टा चाचपला आणि हसत म्हणाला, “उस्ताद, पट्टा तर नवऱ्या मुलासारखा ताठ आहे.” आकुई बाकावर बसून शेंगा सोलत होता.

चौथा आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. तोंडातली सुपारी चघळत त्यानेही तेच विचारलं.

“कासव काढलंय, आणि ते मीच काढलंय,” उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाला. “त्या जळलेल्या ट्रकचंही मीच काढलं होतं. पाणी या आकुईने भरलं होतं. काठोकाठ.”

ट्रकवाल्याचं चघळणं थांबलं. उस्तादाने आकुईकडे पाहिलं.

आकुईने शेंगांची टरफलं गोळा करून टाकली, हात पुसले, आणि पुन्हा बाकावर बसला. त्याने आणखी दोन ट्रक येऊ दिले, त्या दोघांनाही उस्तादाच्या तोंडून सगळं ऐकू दिलं, आणि मग पाना उचलला.