शेवटची सुई

"हा आकडा पुरुषाचा आहे की बाईचा?" माझ्या नावासमोर बोट ठेवून विभागप्रमुखांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "तरीच चार वर्षं याच्या घरी पाळणा नाही."

सगळे हसले. रक्त काढणारा वसंता तर टेबलाला धरून हसला.

नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. आम्ही रक्तातली पुरुषी आणि बायकी हार्मोन्स मोजायचो. नमुन्यात किरणोत्सारी हार्मोन टाकायचं आणि शेवटी यंत्रावर किरण मोजायचे. प्रत्येक नमुना दोन नळ्यांत. दोन्ही जुळल्या तरच आकडा धरायचा.

रोग्याचा आकडा ताडून पाहायला निरोगी पुरुषांचं रक्त लागे. ते आम्हीच द्यायचो. सकाळी आठला, उपाशीपोटी. पुरुषाचं हार्मोन सकाळी भरात असतं, दुपारनंतर उतरतं. म्हणून हा नियम प्रमुखांनीच केलेला.

पण सुया उकळून पुन्हा वापरायच्या असत. माझ्या अंगातून निघालेली सुई कुणालाच नको होती. वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तरी यांच्या लेखी आमची जात तीच. म्हणून बोथट झालेली सुई माझ्यासाठी ठेवायची, मग फेकायची. माझा नंबर शेवटी. त्या आकड्याच्या दिवशी माझ्यापर्यंत यायला दुपारचे चार वाजले. वसंता सकाळपासून म्हणत होता, "थांब ना गा, तुले कोणती घाई हाये?"

मोजून झाल्यावर उरलेलं सगळ्यांचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, एकाच चंबूत ओतत. तिथे विटाळ नव्हता.

माझ्या दोन्ही नळ्या जुळल्या होत्या. आकडा खरा, वेळ खोटी. खोलीतल्या प्रत्येकाला हे कळत होतं. कुणी बोललं नाही. मीही नाही.

घरी आई चार वर्षं माझ्या बायकोला वांझ म्हणत होती. संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली.

"चार वाजता रक्त घेतलं, हे त्याईले सांगितलं काहून नाही?"

मी डब्याची पिशवी रिकामी करू लागलो.

"मले वांझ म्हंतात, तवा बी तुमी असेच गप बसता."

प्रमुखांच्या शब्दांनी कातडी सोलली होती. हे हाडात गेलं. उठलो आणि आईला सांगितलं, तो शब्द आता या घरात नाही. आई रडली. मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही.

पुढच्या खेपेला आठ वाजता स्टुलावर पहिला मी बसलो. बाही वर केली.

"पहिली सुई मले. नाही तर माहं रक्त नाही."

वसंताने प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख म्हणाले, "आजपासून तू काचसामान धू."

मी बाही खाली केली आणि मोरीवर गेलो.

आजही तिथेच आहे. ॲसिडने बोटं सोलतात. तो चंबू मीच धुतो. त्यात माझं रक्त नसतं. पहिल्या सुईशिवाय पडणारही नाही.