कॅशियरची दाढी

"हात लावून बघा, भाऊ. खरखरतंय का?"

सकाळी कामावर बँकेत शिरलो की आमचा कॅशियर काचेआडून गाल पुढे करायचा. माणसं नमस्कार करतात, हात मिळवतात. हा गाल द्यायचा. मीही इकडेतिकडे बघून बोट फिरवायचो आणि म्हणायचो, "हो, आज जरा जास्त." सुरुवातीला हे धादांत खोटं होतं. गाल लोण्यासारखा होता. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. तुम्हालाही जमलं नसतं.

कारण गोष्ट नुसत्या दाढीची नव्हती. नवराबायको दोघंही अंगानं चांगलेच भरलेले, लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली, आणि घरात मूल नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी दोघांनाही वजन उतरवायचं ऑपरेशन सुचवलं. आधी वहिनींचं झालं, मग याचं. परत आला तेव्हापासून फ्रीगंज बाजारातल्या पोह्यांचे दोन चमचे खाऊन बाकीची प्लेट माझ्याकडे सरकवू लागला. मी खात गेलो. त्याचं उतरलेलं वजन कुठे गेलं, हे माझ्या बायकोला विचारा.

हार्मोनचा मामला त्यानं मला कॅशियरच्या भाषेत समजावला. "माझ्या चरबीत एक काउंटर उघडलं होतं, भाऊ. पुरुषी हार्मोन जमा करा, बायकी घेऊन जा! आता चरबी गेली, काउंटर बंद. माल आपल्याच तिजोरीत. दाढी फुटली की समजायचं!"

वहिनींचं उलट होतं. त्यांच्यात पुरुषी हार्मोन वाढलेलं, ते खाली आलं. महिनोन्‌महिने अडणारी पाळी वेळेवर येऊ लागली, हनुवटीवरचे केसही विरळ झाले.

"आमच्या घरातल्या दाढीची बदली झाली," तो म्हणाला. "हिच्याकडून माझ्याकडे."

वहिनी त्याच्यासाठी डाळीच्या पाण्याची डबी घेऊन आल्या होत्या. "हो ना भाऊजी," त्या म्हणाल्या, "पण नव्या जागी अजून रुजू झालेली नाही."

मी आपलं बोट खिशात घातलं.

मग नवीच अडचण निघाली. डॉक्टरांनी बजावलं, आता दिवस चटकन राहू शकतात, पण शरीराला सावरू द्या. निदान वर्ष-दीड वर्ष मूल नको. माधव नगरातला मेडिकलवाला त्यांना वर्षानुवर्षं मूल होण्याच्या गोळ्या देत आलेला. त्याच्यापुढे निरोध कोणत्या तोंडानं मागायचा? आणि दुसरीकडे जावं तर कॅशियरला पार शहराच्या टोकाला नानाखेड्यापर्यंत सगळे ओळखतात.

"भाऊ, तुम्ही आणा ना यार."

मी त्याच दुकानात गेलो. "इस उमर में, भिया?" मेडिकलवाला हसला. मी इतका घाबरलो की खरं बोलून गेलो. "मेरे लिए नहीं. हमारे कॅशियर के लिए."

त्याचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी तो बँकेत पैसे भरायला आला आणि काचेतून कळवळून म्हणाला, "भाईसाब, हार मान ली क्या?" मागे अख्खी रांग. मला धरणी दुभंगावी असं झालं. इतक्या वर्षांचं त्यांचं दुःख मी चव्हाट्यावर आणलं होतं.

कॅशियरनं नोटांवरची नजरसुद्धा काढली नाही. "हार नहीं मानी, भिया. लाइन में लगे हैं."

दुसऱ्या सकाळी त्यानं माझ्यापुढे नेहमीसारखा गाल केला.

पुढे एका सकाळी माझ्या बोटाला खरंच काहीतरी टोचलं. "खरखरतंय!" मी ओरडलो. तो हळूच म्हणाला, "आज खरं बोललात, भाऊ."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

पुढे डॉक्टरांनी सांगितलेली मुदत सरली आणि त्याची जबलपूरला बदली झाली. काचेआड आता एक हुशार मुलगी बसते. ती गुड मॉर्निंग म्हणते.

मागच्या रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली तान्ही लेक. त्यानं तिच्या गालाला गाल घासला, तशी तिनं भोकाड पसरलं.

"अहो, आधी दाढी करा!" आतून वहिनी ओरडल्या.

त्याचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत, भाऊ? ऐकलंत ना?"

मी 'हो' म्हणालो. माझं बोट फोनच्या काचेवर होतं.