भावाचं रडणं

माझा भाऊ लहानपणी इतका रडका होता की त्याचा आवाज तीन वावरं ओलांडून जाई. आता तो नातवंडांवर ओरडतो तेव्हा मला हसू येतं. हा घसा माझ्या मायनं कमावलेला आहे, असं मी त्याला कितीदा सांगितलं. पण आपल्याच रडण्याचं कौतुक ऐकायला कोणाला आवडतं? म्हणून लिहून ठेवते.

शिरपूरच्या वाटेवरचं आमचं खेडं. स्वराज्य यायला अजून आठ-दहा वर्षं होती. घरच्या काळ्या जमिनीत अर्धी ज्वारी आणि अर्धी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बाबा आणि मोठे बाबा ज्वारीकडे बघत. कापूस वेचणं बायकांचं. आजी, मोठी माय म्हणजे माझी मोठी काकू, आणि माझी माय, अशा तिघी दिवाळीनंतर वावरात उतरत त्या संक्रांतीपर्यंत तिथंच. बोंड फुटलं की कापूस कोणासाठी थांबत नाही. तो लोंबतो, वारा सुटला की मातीत पडतो, आणि मग बोल बाईला लागतो.

अशा वेळी तान्ह्या लेकरांचं काय करायचं, याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं होतं. अफू. बाजाराच्या दिवशी ठेक्याच्या दुकानात ती उघड मिळे. एवढीशी गोळी बोटावर ओली करून लेकराच्या तोंडात घातली की ते निंबाखाली दुपार उलटेपर्यंत निपचित. घरोघरी हेच चाले आणि कोणाला त्यात वाईट दिसत नसे. मला दिली होती, मोठ्या मायच्या दोन्ही पोरांना दिली होती. माझ्या पाठच्या भावालाही दिली होती. तो एका वेचणीत निंबाखाली झोपला आणि उठलाच नाही. लोक म्हणाले, दृष्ट लागली. माय तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तीन वर्षांनी हा भाऊ झाला. तो सहा महिन्यांचा असताना वेचणी आली. पहिल्या दिवशी आजीनं कमरेचा बटवा सोडला, तशी माय पुढं झाली.

"आत्याबाई, याले गोळी द्यायची नाई."

माझी माय सासूपुढं मान वर करून बोललेली मी कधी पाहिली नव्हती. आजीनंही पाहिली नसावी.

"अन् पोट्टं रडत राह्यलं तर वेचणी कोन करीन? तुहा बाप?"

"मीच करीन. याले पाजून करीन."

आजी काही राक्षसीण नव्हती, पण घर तिच्या शब्दावर चालायचं आणि तिला ते टिकवायचं होतं. तिनं अट घातली. रोज संध्याकाळी दोघी सुनांची गाठोडी तागडीत समोरासमोर टाकायची. ज्या दिवशी मायचं पारडं वर गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोळी. माय म्हणाली, "बरं."

मोठ्या मायसारखी वेचणारी अख्ख्या गावात नव्हती. तिचे दोन्ही हात असे चालत की बघणाऱ्याला गरगरावं. शिवाय तिची दोन्ही तान्ही पोरं गोळीनं झोपलेली, आणि मायला घडीघडीला पदर सारून बसावं लागे. मायनं एकच केलं. आम्ही उठायच्या आत, उजाडताच, ती लेकराला पाठीशी बांधून वावर गाठू लागली. तिच्या बोटांना बोंडाची टोकं लागून चिरा पडल्या. रात्री ती त्यांत तेल सोडी आणि माझ्याकडे बघून हसे, जणू काही मेहंदीच काढली आहे.

चार दिवस मायचं पारडं खाली राहिलं. पाचव्या दिवशी मोठ्या मायचा तोल गेला. "हे काय खरं वजन हाय? दयवरानं भिजलेला कापूस वेचते ते. पान्याचं वजन हाय ते!"

दव पडलेला कापूस जड भरतो हे खरंच होतं. मायनं भांडण केलं नाही. तिनं आपलं गाठोडं सोडून अंगणात पसरलं आणि म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत उन्हात राहू द्या. मंग तोला." दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी तोलला. पारडं खालीच. बाबा आजीसमोर कधी मायची बाजू घेत नसत, पण त्या दिवशी ते उगाचच खोकत खोकत गोठ्याकडे गेले, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं हे मी पाहिलं.

आता माझ्याबद्दल सांगते. मी सात वर्षांची, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. निंबाखाली पोरं राखायचं काम माझं. मोठ्या मायची दोन्ही पोरं मेणाच्या बाहुल्यांसारखी पडून असत आणि आमचा हा दिवसभर बोंबलत असे. पंधराव्या-सोळाव्या दिवशी त्याला दाताचा ताप आला. माय पाजायला यायची, तो तोंड फिरवायचा, ती परत जायची, तो परत किंचाळायचा. दुपारपर्यंत तिची ओटी अर्धीही भरली नव्हती. मला सरळ दिसत होतं की आज माय हरते. मला ते सहन होईना. भाकर खाऊन आजी आडवी झाली होती. मी तिचा बटवा सोडला, एक गोळी घेतली आणि भावाला चाटवली. मायला जिंकवायचं म्हणून.

तो गप्प झाला. मला वाटलं, किती सोपं होतं हे!

बऱ्याच वेळानं माय आली. तिनं त्याला छातीशी धरलं, पण त्याची मान मागं पडली. तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"कोनं देल्ली?"

"म्या," मी म्हणाले.

तिनं मला मारलं नाही. तिला तेवढी सवडच नव्हती. तिनं ओटीची गाठ ओढली, दिवसभराचा कापूस काळ्या मातीत सांडला, आणि त्यावरून पाय देत ती विहिरीकडे धावली. त्याच्या तोंडावर पाणी मारलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, कान पिळले. त्याचे डोळे उघडत आणि पुन्हा मिटत. आजी आणि मोठी माय धावत आल्या, तेव्हा मायनं वर न बघता हुकूम सोडला, "आत्याबाई, तळवे चोळा. बाई, तुमी त्याले उभं धरा. झोपू द्यायचं नाई म्हंजे नाई."

आणि दोघींनी ऐकलं. मोठ्या मायनं त्याला खांद्यावर घेऊन पऱ्हाटीच्या ओळीओळींतून फेऱ्या मारल्या. ती दमली की आजीनं घेतलं, आजी दमली की मायनं. मी पऱ्हाटीत लपून बसले होते. देवाला मी काय काय कबूल केलं ते आठवत नाही, आणि त्यातलं फेडलं तर काहीच नाही.

उन्हं कलली. मग तो ओकला, आणि रडला. आधी मांजराच्या पिल्लासारखं, मग मोठ्यानं, मग त्याचं नेहमीचं, तीन वावरं ओलांडणारं. माय मातीत बसली आणि मोठमोठ्यानं हसू लागली. "रड माह्या राजा, रड! अजून रड!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. इतकी सुंदर मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही.

आजी बांधावर बसून राहिली होती. ती कोणाकडेच न बघता बोलली, "माहे तीन गेले. तिन्हीबी झोपेतच गेले." मोठी माय निंबाकडे गेली आणि आपल्या दोन्ही पोरांना हलवून हलवून उठवू लागली.

घरी निघताना मायनं मला पऱ्हाटीतून बाहेर ओढलं. मी गाल पुढं करून उभी राहिले. तिनं भावाला माझ्या कडेवर दिलं. "धर. घरापर्यंत जागा ठेव त्याले. तुह्याच भरवशावर हाय." अख्ख्या वाटेनं तो माझ्या कानात ओरडत होता, आणि जरा थांबला की मी त्याला चिमटा काढत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माय आजीसमोर उभी राहिली. शब्दाची पक्की होती ती. "काल माही वेचणी झाली नाई, आत्याबाई."

"कोनाचीच झाली नाई," आजी म्हणाली. तिनं बटव्यातल्या गोळ्या चुलीत टाकल्या आणि खुळखुळा शोधायला लागली.

त्या दिवसापासून आजीनं कापसाला हात लावला नाही. निंबाखाली ती आणि मी, आणि तीन पोरं. तिघांचा काय गोंधळ चाले! आजी शिव्या घाली, गाणी म्हणे, पुन्हा शिव्या घाली. वेचणाऱ्या दोघीच उरल्या, त्याही सारख्या पाजायला थांबणाऱ्या. आजूबाजूची वावरं रिकामी झाली, संक्रांत गेली, तरी आमची पऱ्हाटी पांढरीच. वाऱ्यानं बराच कापूस मातीत गेला. घरात कोणी त्याचा शब्द काढला नाही.

एकदा शेजारची बाई बांधावरून जाता जाता थांबली. तिचंही तान्हं तिच्या खांद्यावर मान टाकून निपचित झोपलेलं. आमच्या तिघांचा कालवा ऐकून ती हसली. "काहून वं, तुमची वेचणी अजून सरली नाई?"

मायनं हातातलं बोंड सोडलं, त्या लेकराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाई सरली," माय म्हणाली. "आमच्याकडं औंदा लेकरं वाढून राह्यली."